उतरंडीचं दुकान

उमापूरच्या बाजारपेठेतल्या शेट्यांच्या दुकानाला पाटी होती, पण ती वाचायची वेळ कोणावर आली नाही. शटर वर गेलं की समोर उतरंड दिसायची. तळाला पाण्याचा भला मोठा हंडा, त्यावर त्याहून धाकटा, त्यावर कळशी, त्यावर चरवी, असं करत करत ती वर चढायची. दुकानाच्या स्लॅबला मुद्दाम ठेवलेल्या चौकोनी पोकळीतून वरच्या गोदामात शिरायची, गोदामाचा स्लॅबही ओलांडायची आणि त्यावरच्या राहत्या घराच्या फरशीत बसवलेल्या लोखंडी जाळीखाली एका पितळी लोटीशी संपायची. एक नव्हे, चार उतरंडी पाठीला पाठ लावून, लोखंडी कड्यांच्या आधारानं उभ्या होत्या. घर बांधताना कल्याणराव शेट्यांनी ही पोकळी उजेडासाठी सोडली होती. मग उजेडापेक्षा धंदा बरा म्हणून ती भांड्यांनी भरून टाकली.

कल्याणराव गेले त्याला आता दोन वर्षं झाली होती. गादीवर त्यांची बायको दानम्मा बसायची. अंगानं बारीक, बोलायला मोजकी आणि गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य एकच: ‘वाजवून घ्या.’ गिऱ्हाइकानं भांडं बोटावर तोलायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं टणकन वाजवायचं, कानाशी न्यायचं. चीर असली तर आवाज बसका येतो. हंड्यापासून चमच्यापर्यंत सगळं दुकान दिवसभर असं वाजत असायचं, आणि ते वाजणं थांबलं की दानम्मा मान वर करून बघायची.

देशाचा बाजार मोकळा झाला, असं पेपरात यायला लागलं तेव्हा त्याचा अर्थ उमापुरात पहिल्यांदा या दुकानाला कळला. तांबं-पितळ मागं पडलं, स्टील पुढं आलं. कल्याणरावांनी कोपऱ्यात एसटीडीची काचेची खोली उभी केली. पुढं खिशाखिशात मोबाईल आले आणि त्या खोलीत नॉनस्टिकचे तवे मांडले गेले. टेलिफोनची वायर मात्र दुकानातच राहिली, कारण ती दुसरीकडं नेली की तिच्यात नुसती खरखर यायची.

दानम्मा मूळची अहमदपूरकडची. डी.एड. झालेली. लग्नाआधी दीड वर्ष तिनं एका खेड्यातल्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला होता. पहिलीच्या मास्तरणीला दिवसातून शंभरदा म्हणावं लागतं ते ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे वाक्य ती इतक्या थंडपणे म्हणायची, की शेजारचा चौथीचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. मग लग्न झालं. बदली मिळेना. सासरे म्हणाले, पोरं काय कोणीही शिकवील, दुकानात माणूस पाहिजे. दानम्मानं राजीनामा दिला आणि गादीवर बसली. ते वाक्य पुन्हा तिनं कोणाला म्हटलं नाही. गिऱ्हाइकाला गप्प बसवून धंदा होत नाही. शाळा सोडल्याचं तिला वाईट वाटलं का, हे तिला कोणी विचारलं नाही. वाटलं होतं, फार वाटलं होतं.

आता प्रश्न सुनेचा होता. सून वर्षाराणी लातूरची, पुण्यात एका कंपनीत नोकरीला होती. परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तपासायचं काम. मुलगा रुद्रेशही पुण्यातच होता, पण वडील गेल्यावर दुकानासाठी तो गावी परतला आणि एका नवरा-बायकोचे दोन संसार झाले. वर्षाराणी महिन्यातून एकदा यायची, तीही रात्रभर एसटीत धक्के खात. पाहुणेरावळे भेटले की एकच विचारायचे, ‘आता कशाला नोकरी?’ आणि अलीकडं रुद्रेशच्या तोंडीही तेच यायला लागलं होतं.

“आई, तूच सांग तिला. घर हाय, दुकान हाय. काय कमी हाय?”

“कमी काय हाय ते तिला इचार,” दानम्मा म्हणाली.

वर्षाराणीनं विचारायची वाट पाहिली नाही. श्रावणात आली तेव्हा चपात्या लाटता लाटता तीच म्हणाली, “आत्याबाई, सोडते आता. किती दिवस असं?” आणि मग सहज सांगावं तसं सांगितलं, की कंपनी काही जणांना घरून काम करू देते, पण घरी इंटरनेट पक्का लागतो, अर्धा दिवसही बंद पडून चालत नाही. ते काही उमापुरात व्हायचं नाही.

“कावून व्हायचं न्हाई?” दानम्मानं विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी गेवराईहून संजय ओव्हाळला बोलावून घेतलं.

संजयचं गेवराईच्या स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा चटपटीत, पण आपण सांगतो ते समोरच्याला कळलंय की नाही याची काळजी करणारा. त्यानं फोनच्या वायरीवर खाली दुकानात इंटरनेट आणून दिला. तिथपर्यंत सोपं होतं. अडचण वर नेण्याची होती. मधे सळया घातलेले दोन स्लॅब आणि स्टीलनं ठासून भरलेलं गोदाम. बाहेरून भिंतीवरून वायर नेली, तर दोनच दिवसांत वानरांनी तिचा झोका केला आणि तुटल्यावर उरलेली ओढून नेली. आतून नेली, तर भांड्यांच्या पेंढ्यात राहणाऱ्या उंदरांनी ती कुरतडली. कुरतडली ती कुरतडली, तीन ठिकाणी कुरतडली. दुकानात उंदरांची पिढी शेट्यांच्या पिढीइतकीच जुनी होती.

“बिनवायरीचं करू, काकू,” संजय म्हणाला. “एक वायफायचा डबा खाली लावायचा. पुरला न्हाई तर दुसरा जोडायचा, त्यानंबी भागलं न्हाई तर तिसरा. लागंल तसं वाढवत न्यायचं. फकस्त डब्याला डबा दिसला पाह्यजे.”

“डब्याला डोळे असतेत का?”

“असतेत असंच समजा.”

एक डबा दुकानात, एक गोदामात पोकळीच्या कडेला, एक वर घरात जाळीजवळ. वीज गेली तर इन्व्हर्टर होता. संजयनं वर बसून आपला लॅपटॉप उघडला आणि एक अख्खा पिक्चर न अडकता बघून दाखवला. दानम्मानं त्यातली मारामारी उभ्यानंच पाहिली. पुढचे आठ-दहा दिवस पुण्याहून कंपनीचा माणूस वेळी-अवेळी लाईन तपासत होता आणि रुद्रेश वर बसून त्याला हो-हो करत होता. लाईन एकदाही पडली नाही. कंपनीनं होकार दिला. दिवाळीची सुट्टी संपली की वर्षाराणीनं उमापुरातून काम सुरू करायचं आणि पहिल्या आठवड्यात लाईन पडली तर पुण्याला परत जायचं, असं ठरलं. तिनं पुण्याची खोली सोडून दिली.

डबे लागले, तपासणी झाली ती पितृपंधरवड्यात. तेव्हा दुकानात शुकशुकाट. पितरांच्या दिवसांत नवं भांडं कोण घेणार? म्हणूनच संजयला निवांत काम करता आलं, म्हणूनच सगळ्यांना वेळ होता. आणि म्हणूनच, दरवर्षीप्रमाणे, शहादेवनं उतरंड उतरवली होती.

शहादेव हा दुकानातला जुना माणूस, चकलांब्याचा. कल्याणरावांनी उतरंड मांडली ती त्याच्या हातानं, आणि त्याच्याशिवाय तिला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पितृपंधरवड्यात तो ती वरून खाली उतरवायचा, एकेक भांडं चिंचेनं घासायचा, उन्हात वाळवायचा, आणि घट बसायच्या आदल्या दिवशी पुन्हा चढवायचा. घटस्थापनेला शटर उघडलं की पेठ लखलखायची. या वर्षीही लखलखली. दसरा झाला, धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसांत वर इंटरनेट लावून बघायची आठवण कोणाला झाली नाही. चालू होतं ते चालूच असणार.

भाऊबीज करून वर्षाराणी लातूरहून आली. दोन मोठ्या बॅगा, एक उशी, आणि पुण्याच्या खोलीतली तुळशीची कुंडी. सोमवारपासून काम होतं. तिनं हातपाय धुतले, चहा घेतला आणि लॅपटॉप उघडला. वर काहीच येत नव्हतं. एक बारीक रेघ दिसायची आणि विझायची.

रुद्रेशनं डबे बंद करून चालू केले. मग बंद करून ठेवले. मग “मी म्हणलं व्हतं” असं म्हणाला. तो काय म्हणाला होता ते कोणाला आठवेना.

वर्षाराणीनं बॅगा उघडल्या नाहीत, आणि दानम्मानं ते पाहिलं. दोन दिवस त्या बॅगा बांधल्या तशाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. दानम्माला जेवण गोड लागेना.

अशा वेळी माणूस आपल्याला जे येतं तेच करून बघतो. शहादेव मोबाईलवर गाणी ऐकताना तो स्टीलच्या पेल्यात ठेवायचा, आणि मग गाणं सगळ्या दुकानाला ऐकू जायचं. जिनं जन्मभर आवाजावर भांडी विकली, तिला यात काही शंका वाटली नाही. तिनं गोदामातलं सगळ्यात घुमणारं पितळी घंगाळ आणलं, फडक्यानं पुसलं आणि वरचा डबा त्यात अलगद ठेवला. त्याबरोबर जी बारीक रेघ येत-जात होती तीही गेली. वर्षाराणीनं घंगाळात वाकून पाहिलं, सासूकडं पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. दानम्मालाही हसू आलं, पण तिनं ते पदरात लपवलं.

शनिवारी संजय आला. त्यानं तिन्ही डबे तपासले. डबे ठणठणीत होते. मग शंका आली शहादेववर. गोदामातल्या डब्याशेजारून त्याचा भांडी काढायचा बांबू वर-खाली होत असायचा.

“शहादेवकाका, बांबू लागला का याला?”

शहादेवचा पारा चढला. “माज्यावर कावून ढकलता? पितरात म्या उतरंड खाली घेतलती, तवा तुमचं मिशीन गाणं म्हणत व्हतं. म्या ती वर चढवली अन तवापासून त्याची वाचा बसली. यात माजा काय गुना?”

तो हे ठसक्यात बोलून गेला. संजयनं मान वर केली. दानम्मानं केली. सगळ्यात शेवटी शहादेवनं केली, आणि आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे त्याच्या ध्यानात आलं.

“डब्याला डबा दिसंना, काकू,” संजय हळू आवाजात म्हणाला. “तवा पोकळी मोकळी व्हती. मीबी ध्यानात घेतलं न्हाई. सगळी रेंज त्या पोकळीतूनच वर जात व्हती.”

“दुसरीकडून न्हाई जायची?”

“दुसरीकडं समदं स्टील अन सळया. कितीबी डबे लावा.”

रुद्रेश म्हणाला, “मग राहू द्या. आप्पांनी मांडलेली उतरंड हाय ती. तुळशीचं लगन झालं की लगनसराई. उतरंड दिसली न्हाई तर गिऱ्हाईक काय म्हणंल? शेट्याचं दिवाळं निघालं म्हणंल.”

“अन वर्षाराणीच्या नोकरीचं?” दानम्मानं विचारलं.

“ती सोताच म्हणती की, सोडते म्हणून. मी कवा सोड म्हणलो?”

“मी बी सोताच म्हणलते,” दानम्मा म्हणाली. “सोडू नको असं कुणी म्हणंना, म्हणून म्हणलते. तीस वर्सं झाली. अजून पोरांच्या पटनोंदणीचा जून आला की माजा जीव थाऱ्यावर नसतो. तुला काय ठाव?”

रुद्रेशला खरंच ठाऊक नव्हतं. आई आधी कधीतरी शाळेत होती, एवढंच त्याला माहीत होतं, जसं आजोबा कधीतरी घोड्यावरून फिरायचे हे माहीत होतं.

“शहादेव, उतरव,” दानम्मा म्हणाली.

शहादेव आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हणाला. “वैनी, पयल्या डावाला तळाचा हंडा मालकांनी सोताच्या हातानं ठिवला व्हता. लगनसराईच्या तोंडावर ती पाडायची म्हंजी अवदसा आठवली म्हणायची. मला जमायचं न्हाई.” त्यानं टोपी घातली आणि बाहेर ओट्यावर पाठ फिरवून बसला.

उतरंड खालून काढता येत नाही. ती वरूनच उतरवावी लागते. दानम्मा गुडघे धरत जिना चढली, घरात आली आणि वर्षाराणीला म्हणाली, “जाळी उचलू लाग.” दोघींनी मिळून ती लोखंडी जाळी बाजूला सरकवली. दानम्मा फरशीवर पालथी पडली, पोकळीत हात घातला आणि टोकाची पितळी लोटी उचलली. तिला ती लोटी एवढीशीच वाटली. उतरंडीचं टोक म्हणून तीस वर्षं बघताना ती मोठी वाटायची. तिनं ती वर्षाराणीच्या हातात दिली. मग चंबू. मग तांब्या. चौथं भांडं काढताना ते हातातून निसटलं आणि कड्यांवर आपटत, ठणठणत खाली गेलं.

तो आवाज शहादेवला सोसला नाही. माणूस रुसला तरी हाताची सवय रुसत नाही. तो तडातडा गोदामात चढला आणि खालून ओरडला, “हात काढा, वैनी! पोचे पाडताल समद्याला! सरका तिकडं.”

संध्याकाळपर्यंत उतरंड उतरली. शेवटचे दोन हंडे शहादेवनं फडक्यानं पुसून गोदामात ठेवले. पोकळीतून खालीपर्यंत उजेड आला. कल्याणरावांनी घर बांधताना जो उजेड मनात धरला होता, तो पितरांचे दिवस सोडून पहिल्यांदाच दुकानाच्या गादीवर पडला, आणि त्यात गादीवरचे चहाचे डाग दिसले. संजयनं तिन्ही डबे पोकळीच्या कडांना एकाखाली एक लावले. वर्षाराणीनं लॅपटॉप उघडला. मग तिनं बॅगा उघडल्या.

सोमवार आला, गेला. आठवडा गेला. लाईन पडली नाही. पेठेत मात्र बोललं गेलंच. शेजारचा कापडवाला येऊन दानम्माला हळूच विचारून गेला, की काही अडचण असली तर सांगा. एक-दोन गिऱ्हाइकं दारात उभी राहून वर पाहायची आणि दुसऱ्या दुकानाकडं वळायची. दानम्माला ते टोचलं. ‘उतरंडीचं दुकान’ हे नाव तर कोणी बदललं नाही, पण ते म्हणताना लोक आता थोडं थांबायचे. रुद्रेशनं एकदाही ‘मी म्हणलं व्हतं’ म्हटलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात आली नव्हती. पोकळी मोकळी झाली म्हटल्यावर वरचा आवाज खाली यायला लागला. दुपारच्या वेळी वर्षाराणी पुण्याच्या माणसांशी बोलायची, कधी मराठीत, जास्त इंग्रजीत. घरातली वर्षाराणी ‘हो आत्याबाई’ म्हणायची तो हा आवाज नव्हता. हा आवाज समोरच्याला मधेच थांबवायचा, चूक काढायचा, पुन्हा समजावून सांगायचा. दानम्माला त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण वर्ग चालू असल्याचा आवाज तिला कुठंही ओळखू आला असता. ती हिशोब थांबवून ऐकत बसायची.

आणि खालचा आवाज वर जायचा, हे तिला तुळशीचं लग्न लागल्यानंतर कळलं.

लगनसराईतलं पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं ते चकलांब्याचे बद्रीनाथराव. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला सगळं गणगोत घेऊन आले होते. ते आले म्हणून शहादेवच्या जिवात जीव आला. हंडे पुढं आले, पराती आल्या, डबे आले. बद्रीनाथरावांनी बोटांची पेरं सरसावली आणि सगळ्या गणगोतानं एकेक भांडं धरून वाजवायला सुरुवात केली. टण. टण. टणण्. पोकळी तो आवाज उचलून वर नेत होती आणि मोठा करत होती, दानम्माच्या घंगाळाला जे जमलं नाही ते.

वरचं बोलणं अडखळलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा अडखळलं. दानम्मानं मान वर केली. जाळीतून वर्षाराणी दिसत होती. खुर्चीत वाकून बसलेली, एका कानावर तळहात दाबून धरलेला, आणि कोणाची तरी परत परत माफी मागत होती. ती एवढ्या दिवसांत याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. ती कधी बोलली नसती, आणि एके दिवशी ‘सोडते आता’ म्हणाली असती.

“हा हंडा वाजवून बगा, मामा,” गणगोतातलं कोणी म्हणालं, आणि बद्रीनाथरावांनी हात उचलला.

दानम्मा गादीवरून उठली. सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही.

“हाताची घडी, तोंडावर बोट.”

दुकान गप्प झालं. शहादेवच्या हातातली परात होती तिथंच राहिली. रुद्रेशनं आईकडं असं पाहिलं, जसं आत्ताच कोणी ओळख करून दिली असावी. आणि बद्रीनाथरावांनी, फेटा बांधलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बद्रीनाथरावांनी, काय होतंय हे कळायच्या आत हाताची घडी घातली.

वर वर्षाराणीचं वाक्य पुढं सुरू झालं, आणि या वेळी संपलं.

“पर शेटाणीबाई,” बद्रीनाथराव दबक्या आवाजात म्हणाले, “न वाजवता हंडा कसा घ्यावा?”

“वाजवूनच घ्या,” दानम्मा म्हणाली. “तिचं काम उरकू द्या. तवर बसा, चहा सांगते.”

बद्रीनाथराव बसले. त्यांची घडी अजून सुटली नव्हती.